एका कवळीवाल्याचा खुलासा

अर्ज नऊ पानांचा होता. त्यातली आठ पानं मी एका बैठकीत भरून टाकली. वय छप्पन्न, उंची खरी, वजन थोडं कमी करून, चष्म्याचा नंबर, जुने आजार, अडीअडचणीला कुणाला कळवायचं (बायकोला), आणि तिनं फोन उचलला नाही तर कुणाला (मेहुण्याला, त्याला कळवून काही उपयोग नाही हे लिहायला जागा नव्हती). नवव्या पानावर मात्र वर एकच प्रश्न आणि खाली नुसत्या रेघा. प्रश्न असा: तुम्हाला दोन वर्षं परदेशात राहून बिनपगारी काम का करायचं आहे? पाचशे शब्दांत सांगा. आणि पानाच्या अगदी तळाशी, जोडीदाराची संमती आणि सही.

या वरच्या पाचशे शब्दांत आणि खालच्या एका सहीत माझे दोन महिने गेले.

मी कवळ्या बनवतो. दातांचा डॉक्टर वेगळा आणि मी वेगळा, हे आधीच सांगून ठेवतो, कारण कुठल्याही समारंभात चारदोन माणसं तरी माझ्यापुढे आ करून उभी राहतात. डॉक्टर माणसाच्या तोंडात हात घालतो. मी प्लास्टरच्या जबड्यात. तो माप घेऊन आमच्याकडे पाठवतो, आम्ही त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा नमुना काढतो, त्यावर मेण, मेणात दात. तेवढं डॉक्टरकडे तोंडात बसवून बघायला जातं, परत येतं, मग मेण काढून त्या जागी गुलाबी अ‍ॅक्रेलिक, मग घासणं, पॉलिश, आणि डबीत घालून रवानगी. डबीवर चिठ्ठी असते. तिच्यावर नंबर, वय, स्त्री की पुरुष, दातांचा रंग. नाव नसतं. आमची लॅब एका इमारतीच्या तळमजल्यावर मागच्या बाजूला आहे, खिडकीतून शेजारच्या दुकानाची भिंत दिसते. बत्तीस वर्षं मी त्या भिंतीकडे तोंड करून लोकांची तोंडं बनवतोय, आणि माझ्या दातांनी हसणारा एकही माणूस मी समोर बसलेला पाहिलेला नाही.

कामात मी चोख आहे, असं माझं मत. पूर्ण कवळी असली की ती माझ्याच टेबलावर येते. नवा कुणी लागला की मालक त्याला सांगतात, ‘यांच्या सामानाला हात लावायचा नाही.’ मी ऐकू न आल्यासारखं करतो आणि शब्दन् शब्द ऐकतो. प्रत्येक कारागिराची एक खूण असते, कुणाचं काम परत आलं तर कळावं म्हणून. माझी खूण म्हणजे शेवटच्या दाढेमागे सुईनं टोचलेले तीन ठिपके. माझी कामं फारशी परत येत नाहीत. हे मी अर्जात तीन ठिकाणी लिहिलं होतं.

ज्या संस्थेचा हा अर्ज, तिचं पत्रक आणलं प्लास्टरचा माल टाकणाऱ्यानं. एका लांबच्या देशात एक मोठी गाडी गावोगाव फिरते, गाडीतच डॉक्टरची खुर्ची आणि खुर्चीला लागून कवळीवाल्याचं टेबल. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना मैलोन् मैल दात बनवणारा कुणी नाही. कारागीर हवा, दोन वर्षांसाठी. राहायला खोली, दोन वेळचं जेवण, येण्याजाण्याचं तिकीट. मी ते पत्रक चार दिवस डब्याच्या पिशवीत घेऊन हिंडलो. पाचव्या दिवशी बायकोनं पिशवी धुवायला काढली आणि बिंग फुटलं.

ती शाळेच्या ऑफिसात आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज तपासत आलेली बाई. तिनं पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं, घडी घातली आणि विचारलं, का जायचंय? मी म्हटलं, लिहून दाखवतो. तिथंच पहिली चूक केली. बोलून सुटलो असतो, लिहितो म्हटल्यावर अडकलो.

पहिला मसुदा मी एका रविवारी सकाळी लिहिला. सुरुवात होती, ‘लहानपणापासूनच मला सेवेची ओढ आहे.’ वाचून दाखवायला लागलो. बायको भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही, फक्त विचारलं, ‘स्वतःचा चहाचा कप तरी कधी उचललात का?’ मी टेबलाकडे बघितलं. कप होता. सकाळचा. त्याच्या शेजारी त्याच्या आधीचाही होता. मी पुढचं वाचायचं सोडून दिलं.

मग मेहुणा धावून आला. याला सगळ्यातलं सगळं कळतं, फक्त स्वतःचं काही धड झालेलं नाही. त्यानं मला बाजूला सारून लॅपटॉप ओढला आणि असं काही ठोकून दिलं की वाचताना मलाच उठून उभं राहावंसं वाटलं. त्यात मानवता होती, क्षितिजं होती, ‘वंचितांच्या ओठांवरचं हसू’ होतं. फोनवरून ते लेकीला वाचून दाखवलं. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते, लाडानं मला दातांचा कारखाना म्हणते. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, बाबा, हे एखाद्या पुतळ्याच्या उद्घाटनाचं भाषण वाटतंय, पुतळा कुणाचा आहे? आणि मग गंभीर होऊन तिनं मला खरंच विचारलं, की आईशी काही भांडण झालंय का. मी म्हटलं, अजून नाही.

लॅबमध्ये तर नुसता तमाशा. पॉलिशवाल्यानं सगळ्यांना सांगितलं की मला तिकडची बायको करायची आहे. मालकांना वाटलं मी पगारवाढीसाठी डाव टाकतोय. त्यांनी बोलावून मला वाढ देऊ केली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा न मागता मिळत होती, आणि मला ती नको म्हणावी लागली! तो दिवस मी अजून विसरलेलो नाही.

शेवटी क्षितिजं काढून, वंचितांना राहू देऊन, पाचशे शब्दांचं काहीतरी जुळवलं आणि पाठवलं, सहीची रेघ कोरी ठेवून. बायको म्हणाली होती, खरं कारण सांगा, लगेच सही करते. हे खोटं आहे, याच्याखाली मी सही करणार नाही. मी चिडलो. म्हटलं, एवढी वर्षं झाली, नवऱ्यावर विश्वास नाही? ती म्हणाली, विश्वास आहे म्हणून तर कळतंय. तिच्यापुढे माझं कधीच काही चालत नाही.

दहा दिवसांनी संस्थेच्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला. पांढरे आखूड केस, समोर वही, बोलणं शांत. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खाली घरातला पायजमा. कामाचं त्यांनी भराभर विचारलं, मी भराभर सांगितलं. गाडीत जागा कमी असते, चालेल ना? आमच्या लॅबपेक्षा जास्तच असेल, म्हटलं. बाई हसल्या. माझी गाडी रुळावर आली असं मला वाटलं, आणि तेवढ्यात त्यांनी विचारलं, ‘तुम्ही ज्याच्यासाठी कवळी केली, अशा एका माणसाबद्दल सांगा.’

मी सांगितलं, की आमच्याकडे माणूस येत नाही, नंबर येतो.

‘एकही माणूस आठवत नाही?’

माझी जीभ आपोआप खालच्या जबड्यात डाव्या बाजूला गेली. तिथं आतल्या अंगाला मला हाडाचा एक उंचवटा आहे, वाटाण्याएवढा. जन्मापासून आहे, त्याचा काही त्रास नाही. गोंधळलो की जीभ तिथं जाते. मी म्हटलं, ‘नाही. एकही नाही.’

बाईंनी वही मिटली. म्हणाल्या, काम तुम्हाला येतं याबद्दल शंका नाही, पण तिकडे दोन वर्षं एकट्यानं काढायची असतात. जे असलं छापील लिहून येतात ते चौथ्या महिन्यात घरी परत जातात, आणि मग म्हातारी माणसं अर्धवट मापं देऊन बसून राहतात. नववं पान पुन्हा लिहा, सहीसकट, आठ दिवसांत. नाहीतर दुसरा एक जण आहे, त्याला घ्यावं लागेल. त्यांनी नमस्कार केला, मीही पायजम्यासकट उठून नमस्कार केला, आणि त्यांना पायजमा दिसला.

बायको दारात उभी होती. पदराला हात पुसत. किती वेळ उभी होती कोण जाणे.

‘खोटं का बोललात?’ ती म्हणाली.

मला वाटलं पायजम्याबद्दल काहीतरी असेल. मी म्हटलं, कसलं खोटं? ती समोर येऊन बसली. ती अशी बसली की उठत नाही, हे मला माहीत आहे. आणि खरं सांगायचं तर मी थकलो होतो. तीन वर्षं एक गोष्ट पोटात ठेवली होती. ती मी तिला सांगितली.

माझे वडील सुतार होते. शेवटची वर्षं आमच्याकडेच. सत्तरीनंतर त्यांचे दात एकेक करून गेले. मी त्यांना बजावून ठेवलं होतं, की तुमची कवळी मी करणार, दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. हे मी दोन वर्षं बजावत होतो. आज लॅबमध्ये गर्दी आहे, पुढच्या आठवड्यात बघू, सणासुदीचं काम उरकलं की बघू. घरात कवळीवाला आणि बाप मऊ भात खातोय! आणि एक दिवस संध्याकाळी घरी आलो तर बाबा खुर्चीत बसलेले आणि तोंडात दात. परस्पर डॉक्टरकडे जाऊन करून घेतले होते. मला राग आला. राग कसला, अपमान वाटला. मी चार दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही.

पण बाबा ती कवळी जेवताना काढून ठेवायचे. माझ्यासमोर लावून बसायचे, आणि घास घ्यायची वेळ आली की हळूच काढून रुमालात. एकदा जेवताना मी ते पाहिलं आणि माझ्या अंगात कारागीर संचारला. मी म्हटलं, दाखवा बघू. त्यांनी दिली नाही, रुमाल मुठीत धरला. मग मी लांबूनच निकाल दिला. म्हटलं, दिसतंय ना इथूनच! खालची टोचतेय तुम्हाला. कुठल्या गाढवानं बनवलीय ही? नमुना तरी नीट बघितला का त्यानं? असल्या लोकांना या धंद्यात ठेवतं कोण? मी जेवण होईपर्यंत बोलत होतो. बाबा नुसते हसत होते, बिनदातांनी. शेवटी एवढंच म्हणाले, ‘असू दे. मला आवडते.’

ते गेले त्यानंतर महिन्याभरानं मी त्यांची हत्यारांची पेटी आवरायला काढली. रंधा, पटाशा, जुनी फुटपट्टी, आणि सगळ्यात खाली रुमालात गुंडाळलेली कवळी. मी खालची उचलली. सवयीनं उलटी केली. शेवटच्या दाढेमागे तीन ठिपके.

मी पेटीपुढेच बसून राहिलो. आणि मग मला नमुना आठवला. हजारो नमुने हाताखालून जातात, एकही आठवत नाही, पण हा आठवला. खालच्या जबड्याला आतून, डाव्या अंगाला वाटाण्याएवढा उंचवटा होता. आमच्या कामात असं असतं, की माप घेताना हवेचा बुडबुडा राहिला तर तिथं प्लास्टर भरतं आणि नमुन्यावर असा गोळा येतो. तो सुरीनं खरवडून टाकायचा. शिकाऊ माणूस डॉक्टरला फोन करून विचारतो, हा बुडबुडा आहे की हाड. मी शिकाऊ नव्हतो. मी सुरी घेतली आणि एका फटक्यात साफ केला. तो बुडबुडा नव्हता. ते माझ्या बापाचं हाड होतं. आणि तोच उंचवटा, त्याच जागी, माझ्या स्वतःच्या तोंडात आहे. छप्पन्न वर्षं माझ्या जिभेला जो रोज लागतो, तो माझ्या बोटांना ओळखता आला नाही!

बाबांनी आतून ती जागा पॉलिश पेपरनं घासली होती. सुताराचा हात. किती मायेनं घासली होती, एक ओरखडा नाही. पण अ‍ॅक्रेलिक तिथं मुळात जाड होतं, तेवढ्यानं भागणारं नव्हतं.

 मग मी बायकोला बाकीचंही सांगितलं. त्या दिवसापासून मी एकही उंचवटा खरवडलेला नाही. प्रत्येक वेळी डॉक्टरला फोन करतो, बुडबुडा आहे की हाड. डॉक्टर वैतागतात, मालकांकडे तक्रार करतात, की तुमचा तो कारागीर आता म्हातारा झाला. फोनवरही कधी कधी कुणी धड सांगत नाही, बघून सांगतो म्हणतात आणि विसरून जातात. आणि त्या पत्रकात लिहिलं होतं, खुर्चीला लागून टेबल. माणूस समोर. मी उठून त्याच्या तोंडात बघू शकतो. एवढंच कारण आहे, मी म्हटलं. हे पाचशे शब्दांत कसं लिहू? गाढवपणा केला म्हणून जायचंय, असं लिहू?

 बायको म्हणाली, ‘मला माहीत होतं. त्या दिवशी पेटीपुढे कवळी घेऊन बसलात ना, तेव्हाच मी बघितलं होतं.’

आणि मग तिनं तिच्याकडचं सगळं सांगितलं.

डॉक्टरकडे बाबांना तीच घेऊन गेली होती. बाबांनी डॉक्टरला बजावून सांगितलं होतं, की काम माझ्या मुलाच्या लॅबमध्येच पाठवा, त्याच्याच हातची हवी, पण त्याला कळू देऊ नका. कळलं तर तो अजून दोन वर्षं मुहूर्त बघत बसेल. मेणाची घालून बघितली तेव्हा बाबा आरशात बघून इतके खूश झाले, की डॉक्टरच्या मदतनीस बाईला दाखवत सुटले, माझ्या मुलानं केलीय म्हणून. तयार होऊन आली तेव्हा टोचायला लागली. डॉक्टर म्हणाले, परत पाठवतो. बाबा म्हणाले, अजिबात नाही, परत गेली तर त्याला कळेल, तो मनाला लावून घेतो. मग त्यांनी बायकोला पॉलिश पेपर आणायला पाठवलं, बारीक नंबरचा. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून तिनंच तो आणून दिला होता.

‘आणि तुम्ही त्या दिवशी गाढव म्हणालात ना,’ ती म्हणाली, ‘त्यानंतर मी त्यांच्या खोलीत गेले. मला रडू येत होतं, आणि ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाले, गाढव नाही गं तो. त्याला कुणी माणूस दाखवतच नाही, नुसते जबडे दाखवतात. मला समोर बसवलं असतं ना, तर त्यानं नीट केली असती.’

मी रडलो. छप्पन्न वर्षांचा माणूस, इस्त्रीचा शर्ट आणि पायजमा. बायकोनं मला रडू दिलं.

मग ती तिच्या स्वतःबद्दल बोलली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन महिन्यांत मी ते एकदाही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, दोन वर्षं या घरात एकटीनं राहायची मला भीती वाटते. आजारी पडले तर कोण आहे, याची वाटते. तुम्ही मानवतेसाठी जाणार होतात तेव्हा मला तुमचा फार राग येत होता, कारण मानवतेशी कसं भांडणार? बाबांसाठी जात असाल तर जा. पण माझी निवृत्ती आहे त्या महिन्यात तुम्ही इथं दारात उभे पाहिजेत. मी म्हटलं, असेन. ती म्हणाली, लिहून द्या. मी पत्रकाच्या मागे लिहून दिलं, तारखेसकट, तिनं ते तिच्या पर्समध्ये ठेवलं.

नववं पान मी त्याच टेबलावर बसून लिहिलं. पाचशे शब्द मागितले होते, माझे सव्वाशे भरले. त्यात सेवा नव्हती की वंचित नव्हते. एका सुताराच्या जबड्यातला उंचवटा होता, सुरी होती, पॉलिश पेपर होता. ‘ती बनवणारा गाढव मीच’ असं एक वाक्य लिहून मी खोडलं होतं. बायकोनं वाचलं, पेन्सिलनं खुणा करायची सवय असल्यामुळे पेन्सिल घेऊनच वाचलं, आणि त्या खोडलेल्या वाक्याखाली रेघ मारून म्हणाली, हे परत लिहा. मी परत लिहिलं.

तिनं पेन घेतलं आणि तळाशी सही केली, शाळेच्या दाखल्यांवर करते तशी, पूर्ण नाव, खाली तारीख. अर्ज माझ्याकडे सरकवताना म्हणाली, ‘तिकडे पहिला माणूस समोर बसेल, त्याला तोंड उघडायला सांगायच्या आधी नाव विचारा.’

मी हो म्हटलं. मग टेबलावर त्या दिवशीही पडून असलेले माझे दोन्ही कप उचलले आणि धुवायला घेऊन गेलो.